खाणं हिशोबात धरलं नव्हतं

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या बॅगा केळी तोलायच्या काट्यावर चढवल्या होत्या. रावेरला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. बागेची कापणी असली की घड तिथे येतात, फण्या सुटतात, खोकी भरली जातात. त्या शेडमधला काटा माझ्या वडिलांनी, आबांनी, मुद्दाम अंगणात आणवला. विमानात माणशी ठरलेलंच वजन नेता येतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि वजनाच्या बाबतीत आबा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. माझी बायको ज्योत्स्ना एकेक बॅग उचलून ठेवत होती, आबा चष्मा पुसून पुसून आकडा वाचत होते, आणि प्रत्येक बॅग जास्तच भरत होती.

भरणारच होती. माझ्या आईने, मायने, आठवडाभर खपून त्यांत तूरडाळीचं गाठोडं घातलं होतं, कळण्याचं पीठ, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, उडदाचे पापड, लसणाची चटणी. कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याच्या भाकरीशिवाय आमच्याकडे आठवडा जात नाही.

"खानं काढ बाहेर," आबा म्हणाले. "कपडे राहू दे. खानं काय, तिथीबी भेटीन."

माय डाळीच्या गाठोड्यावर हात ठेवून बसली. "दाय राहू द्या, पोरीले वरन लागते." पोरगी म्हणजे मुक्ता, आमची मुलगी, तेव्हा नुकतीच पहिलीतून दुसरीत गेली होती. आबांनी ऐकलं नाही. गाठोडं ओट्यावर गेलं, पीठ गेलं, बिबड्याही गेल्या. काट्यावरचा आकडा बरोबर आला तसे आम्ही सगळे खूश झालो, मीसुद्धा. माय तेवढी भुसावळला गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. गाडी हलल्यावर खिडकीतून मुक्ताच्या हातात एक पुडकं कोंबलं, त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे होते.

आता हे सगळं लिहायला बसलोय ते फोनमुळे. रावेर-यावलची, कधी ज्योत्स्नाच्या माहेराकडची, म्हणजे शिरपूरकडची, मुलं मला फोन करतात. "दादा, मस्कतची ऑफर आलीय, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, इतका पगार देतात, जाऊ का?" मी त्यांना व्यवस्थित सांगतो. व्हिसाचा खर्च कोण करणार ते विचार. तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी ते लिहून घे. उन्हाळ्यात एसी बंद ठेवता येत नाही, वीजबिल धर. मुलं हं हं करतात. मग मी विचारतो, "जेवणाचं काय धरलंस?" पलीकडून हसू येतं. "जेवायला काय लागतं दादा!" त्या हसण्यात मला आबांचा आवाज ऐकू येतो आणि पुढचं काही नीट सांगता येत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

मी शेतकीचा पदवीधर. जळगावात ठिबकच्या कामावर सुपरवायझर होतो. शेतात नळ्या अंथरायच्या, फिल्टर बसवायचे, कुठल्या ओळीला किती पाणी जातंय ते बघायचं. रोज रावेरहून रेल्वेने जाऊन-येऊन करायचो. पगार डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता, पण कुणापुढे हात पसरावा अशीही वेळ नव्हती. ज्योत्स्ना गावातल्याच एका छोट्या शाळेत शिकवायची. अशात मस्कतची ऑफर आली. तिथल्या हॉटेलांच्या बागा, रस्त्यांच्या कडेची हिरवळ, त्यांना पाणी द्यायची यंत्रणा सांभाळायची. पगार रुपयांत केला तर तिपटीहून जास्त. तो आकडा मी ज्योत्स्नाला सांगितला तेव्हा ती हातातलं पीठ झटकायचीही विसरली.

कंपनीने दोन पर्याय दिले होते. एकट्याने यायचं असेल तर कंपनीची खोली, कंपनीच्या मेसमधलं जेवण आणि पगार. कुटुंब आणायचं असेल तर खोली-जेवण आपलं आपण बघायचं, त्याबदल्यात रोख भत्ता. आबांनी एका क्षणात निकाल दिला. "जाशीन त तिघंजन जा. नही त नको जाऊ." त्यांच्या तोंडून एवढं निर्वाणीचं मी क्वचितच ऐकलंय. माझ्याही मनात तेच होतं. पैसा हवा होता, खोटं कशाला बोलू, पण आम्ही तिघांनी एका छपराखाली राहायचं, ही माझीही अट होती. ज्योत्स्नाला तर दुसरं काही सुचतच नव्हतं. आमचा सगळा हिशोब त्या एका गोष्टीसाठी होता.

हिशोब आबांनी मांडला, केळीच्या बागेचा मांडतात तसाच. बाग लावली की रोपं, खतं, नळ्या, मजुरी, गाडीभाडं एवढं वजा करायचं, उरलं ते हाती आलं. घरात दोन वेळा चूल पेटते तिला काय लागतं, हे त्या वजाबाकीत कधी नसतंच. ज्वारी वावरातली, तूर वावरातली, दूध दारच्या म्हशीचं, वांगी-मिरच्या बांधाच्या कडेच्या. केळी तर काय, खोक्यात न बसणाऱ्या फण्या शेडमध्ये टोपलीत पडलेल्याच असायच्या, येणारा-जाणारा तोडून खायचा. दुकानातून यायचं ते तेल, मीठ, साखर, चहापत्ती. त्याला आमच्याकडे खर्च म्हणत नाहीत, वरचं सामान म्हणतात.

तर आबांनी घरभाडं धरलं, मुक्ताची शाळा धरली, बसभाडं धरलं, वीजसुद्धा धरली. मी म्हटलं, "आणि खाणं?"

"खान्याचं काय धरतो रे? खानं त इथीबी लागते, तिथीबी लागीन."

म्हणजे दोन्हीकडे आहे, तर दोन्हीकडून काटून टाका. इतकं सरळ होतं ते की मी मान डोलावली. पदवीधर होतो, पिकाच्या एकरी खर्चाचे तक्ते तोंडपाठ होते, पण घरातल्या भाकरीला भाव असतो हे माझ्याही डोक्यात आलं नाही. ज्योत्स्नाचा शाळेतला पगारही आम्ही कुणी धरला नाही. तो बंद होणार होता. पण तिचा पगार म्हणजेही आमच्या लेखी वरचंच सामान.

मस्कतला रुवी नावाच्या भागात आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं. खाली मल्याळी माणसाचं किराणा दुकान, समोर मोठं सुपरमार्केट. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं ट्रॉली ढकलत सुपरमार्केटमध्ये फिरलो. मुक्ताला ट्रॉलीत बसायचं होतं. एक रियाल म्हणजे दीडशेच्या वर रुपये, त्यामुळे तिथले आकडे बारीक असतात. वांगी अर्धा रियाल, दूध अर्ध्याच्या आसपास, डाळ एकाच्या आत. आम्हाला सगळंच स्वस्त वाटलं. पगार आम्ही रुपयांत वाचत होतो आणि किमती रियालमध्ये. ज्योत्स्नाने केळ्यांचा एक घोस उचलला, सगळी केळी एका मापाची, एका रंगाची, प्रत्येकावर कागदी टिकली चिकटवलेली. त्याचं वजन झालं, त्याच्यावर किमतीचा कागद लागला, आणि ती मध्येच थांबून हसायला लागली. "रावेरनी सून केया इकत लेस," ती म्हणाली. रावेरची सून केळी विकत घेतेय. मीही हसलो. बायकोचं माहेर अहिराणीचं, सासर आमच्या बोलीचं, पण असं काही झालं की तिच्या तोंडून माहेरच येतं.

दोन महिन्यांत हसू मावळलं. काही बिघडलं होतं असं नाही, पगार वेळेवर यायचा, साहेब चांगला होता. फक्त महिना संपायच्या आत पैसे संपायचे. कुठे जातात ते कळेना. चैन काहीच नव्हती. मग एका सुट्टीच्या दिवशी ज्योत्स्नाने महिन्याभरात घरात आलेल्या एकेका वस्तूची किंमत रुपयांत करून सांगितली. वांग्यांपाशी मी तिला थांबवलं. भरताची वांगी, आपल्याकडची हिरवी, लांबट, ती नव्हेतच. काळी, कातड्यासारख्या सालीची वांगी, आणि त्या भावात आमच्याकडे आख्ख्या गल्लीचं भरीत झालं असतं. आमच्याकडे थंडीत वावरात कपाशीच्या काड्या पेटवून भरिताची पंगत बसते. वांगी कुणी मोजत नाही, बोलवलेले किती नि न बोलवलेले किती तेही कुणी बघत नाही. इथे ती एक वांगं घ्यायची आणि तिघांत पुरवायची.

रात्री ती आईशी फोनवर बोलायची तेव्हा भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "आठे बठ्ठं इकत लेनं पडस माय, पानी बी." इथे सगळंच विकत घ्यावं लागतं, पाणीसुद्धा, हे सांगताना तक्रारीचा सूर नसायचा. नवल वाटायचं तिला. मला मात्र ते बोचायचं. मी दिवसभर हॉटेलांच्या हिरवळीवर पाणी सोडायचो. एवढं पाणी, एवढी निगा, आणि त्यातून एक मिरचीसुद्धा उगवणार नव्हती.

त्याच सुमारास ज्योत्स्नाने एक नवी सवय लावून घेतली. पीठ भिजवण्याआधी विचारायचं, "किती भाकरी टाकू?" हा प्रश्न मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. माय अंदाजाने पीठ घ्यायची, आणि तिच्या अंदाजात नेहमी दोन-तीन भाकरी कुणाच्याच नावाच्या नसलेल्या असायच्या. कुणी आलं तर, कुणाला लागली तर, नाहीतर सकाळी कुस्करून. ज्योत्स्नाच्या माहेरीही तसंच. आणि आता ती परातीपाशी उभी राहून आकडा मागत होती. मी तिला दोष देत नाही. ती घर चालवत होती.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात शिरपूरकडचे एक ओळखीचे गृहस्थ कामानिमित्त मस्कतला आले आणि आमच्याकडे जेवायला आले. ज्योत्स्नाने शेवेची भाजी केली, भात केला, पोळ्या केल्या, मायने कुणाच्या तरी हाती पाठवलेल्या शेवटच्या बिबड्या तळल्या. पाहुणे खूश होते, घरच्या आठवणी निघाल्या, मुक्ता त्यांच्या शेजारी बसली होती. बिबडी तिचा जीव की प्राण. ताटातली संपली तेव्हा ज्योत्स्नाने तिच्यापुढे डबा धरला. डब्यात एकच उरली होती. मुक्ताने डब्यात पाहिलं, पाहुण्यांच्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको, पोट भरलं."

सात-आठ वर्षांची पोर. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. पाहुण्यांनी कौतुक केलं, किती शहाणी आहे म्हणाले, आणि ती बिबडी त्यांच्या ताटात गेली. मी ज्योत्स्नाकडे पाहिलं नाही. ज्या घरात ही पोर टोपलीतली केळी अर्धी खाऊन अर्धी म्हशीला घालायची, त्या घरातून मी तिला पोट भरल्याचं खोटं सांगायला आणलं होतं. पाहुणे गेल्यावर ज्योत्स्ना भांडी घासता घासता रडली. मी पुसायला फडकं घेऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. त्या दिवशी आम्ही ठरवलं नाही काहीच, पण दोघांनाही कळलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दोघी रावेरला गेल्या आणि तिथेच राहिल्या. मला जाता आलं नाही. कॉन्ट्रॅक्ट अर्ध्यात सोडलं तर व्हिसाचा आणि तिकिटांचा खर्च अंगावर आला असता आणि जळगावातली माझी जागा भरली गेली होती. विमानतळावर मुक्ताने विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी येणार?" मी म्हटलं, मुदत संपली की लगेच. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

मग मी कंपनीची खोली घेतली. चार जणांत एक खोली, मेसमध्ये जेवण. रोज तोच पातळ रस्सा, तोच भात. कुणी विचारायचं नाही, कुणी मोजायचं नाही. आणि गंमत बघा, आता हिशोब अगदी आबांनी मांडला होता तसा जमला. पगार जवळजवळ सगळाच्या सगळा उरायला लागला. रावेरच्या घरावर स्लॅब चढला. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा आला, मोठा फ्रिज आला. मुक्ताच्या शाळेची काळजी मिटली. मुदत संपत आली की रिन्यूअलचा कागद यायचा, मी घरी फोन करायचो, आणि प्रत्येक वेळी न सोडण्यासारखं काहीतरी समोर असायचं. एकदा नवी विहीर, एकदा मुक्ताची दहावी, एकदा आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. ज्योत्स्ना म्हणायची, "तुम्हले काय वाटस ते करा." त्या वाक्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं. मी ते हो समजून सही करायचो.

पैसे मिळाले नाहीत असं मी म्हणणार नाही. मिळाले, आणि घरच्यांच्या उपयोगी पडले. पण आम्ही ज्यासाठी निघालो होतो, तिघांनी एका ठिकाणी राहायचं, ते दुसऱ्याच वर्षी संपलं आणि नंतरची सगळी वर्षं मी ते संपल्याचा मोबदला घेत राहिलो. मुक्ताला दात नवे आले, तिचा आवाज बदलला, तिने सायकलवरून पडून हनुवटी फोडून घेतली, हे सगळं मी स्क्रीनवर पाहिलं. थंडीत भरिताची पंगत बसली की ती मोबाइल फिरवून फिरवून दाखवायची. काड्यांचा धूर दिसायचा, वास यायचा नाही. मी इकडे खोलीत बसून "वा वा" करायचो.

मधल्या एका सुट्टीत आबा शेडमध्ये काट्याजवळ बसले होते. एकाएकी म्हणाले, "चुकलंच माह्यं. खानं धरायले पायजे होतं."

इतक्या वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता. मी म्हटलं, "मीपण होतो ना आबा तिथे. मी तरी कुठे धरलं?"

"तुले कसं सुचीन? घरच्या दान्याले भाव कोन लावते?" त्यांनी टोपलीतलं एक केळं तोडून माझ्या हातात दिलं आणि ते खोकी मोजायला उठून गेले. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी रीत नाही, म्हणून मी केळं खाल्लं.

आता मुक्ता धुळ्याला कृषीच्या कॉलेजात आहे. ज्योत्स्ना पुन्हा शाळेत जाते. माय थकली, चुलीसमोरून उठली, परात आता ज्योत्स्नाकडे आहे. मी निघतो तेव्हा माझी बॅग अजूनही त्याच काट्यावर चढते, पण आता त्यातून कपडे निघतात आणि डाळ, पीठ, बिबड्या राहतात. आबाच सांगतात, खानं राहू दे. माझ्या खोलीतले तिघं त्या पिठाची वाट बघत असतात.

फोन करणाऱ्या मुलांनो, जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तेवढा अधिकार माझा नाही, आणि माझ्याच स्लॅबखाली बसून ते बोलणं शोभणारही नाही. पण निघण्याआधी तुमच्या घरात जे जे फुकट येतं, त्याला एकदा भाव लावून बघा. दूध, भाजी, पोरांना सांभाळणारी आजी, शेजारून येणारी वाटी, सगळ्याला लावा. लाज वाटेल, पण लावा. ते वजा करूनही तिघांचं भागत असेल तर तिघं जा. नसेल भागत, तर एकट्याने जाण्याचा पर्याय किती चांगला जमतो ते मला माहीत आहे, तो जमतो हीच त्यातली अडचण आहे.

आणि घर म्हणाल, तर पूर्वी मी रावेरचं नाव सांगायचो. आता माझी व्याख्या फार छोटी झालीय. जिथे पीठ भिजवणाऱ्या बाईला तुमची भूक माहीत असते, ते घर.

गेल्या सुट्टीत पोहोचलो त्या संध्याकाळची गोष्ट. मुक्ताही धुळ्याहून आली होती. मी ओट्यावर आबांशेजारी बसलो होतो. आतून परातीचा आवाज आला, कळण्याच्या पिठाचा वास आला, आणि मला वाटलं, आलो बुवा एकदाचा. ज्योत्स्ना आत मुक्ताला म्हणत होती, आबांच्या दीड, मायची अर्धी, तुझ्या दोन, माझ्या दोन. मग जरा थांबली. दारापाशी आली, पिठाचे हात अंगापासून लांब धरून, आणि किंचित हसून, आपुलकीनेच, पण पाहुण्याला विचारतात तसं तिने मला विचारलं, "तुमच्या किती टाकू?"

मी म्हटलं, "दोन पुरेत."

भूक तीनची होती.